खुर्चीमागचे हात

या सदरात लोक जे लिहितात ते मी सकाळच्या चहाबरोबर मोठ्यानं वाचतो आणि बायकोला म्हणतो, घे, आणखी एकाला दिसली पांढरी साडी. मग हसतो. म्हणजे... हसायचो. माझी सगळी नोकरी हवाई दलात गेली, तीसुद्धा लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर. सिम्युलेटर म्हणजे जमिनीला खिळलेलं खोटं विमान. आत बसून वैमानिक उडायचा सराव करतात, आणि ते यंत्र बिघडलं की आमच्यासारखे लोक त्याचं पोट उघडून बसतात. बिघाडाला कारण असतंच, तार तुटलेली असते नाहीतर कुणीतरी अक्कल गहाण टाकलेली असते, तिसरं काही नसतं. करणी, बाधा, बाहेरचं असले शब्द ऐकले की माझं डोकंच फिरतं. सासुरवाडीत दाराच्या लिंबू-मिरचीवरून मी असा तमाशा केला होता की सासरे पुढच्या दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

तर असा माणूस हे लिहायला बसलाय. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं सांगतो. हसायचं असेल तर हसा, मी काही म्हणणार नाही.

आमचं घर अमरावतीला साईनगरात. निवृत्त झाल्यावर वरच्या खोलीत मी क्लास सुरू केला होता. ज्या पोरापोरींना वैमानिक व्हायचंय त्यांना हवाई दलाच्या निवडीतल्या यंत्रावरच्या चाचणीसाठी तयार करायचं. ही चाचणी मोठी दुष्ट आहे. लेखी परीक्षेत आपटलात तर पुन्हा बसता येतं, मुलाखतीत आपटलात तर पुन्हा जाता येतं, पण ही आयुष्यात एकदाच. नापास झालात की वैमानिक व्हायचं दार बंद, मग तुम्ही किती का हुशार असेना.

सरावासाठी मी घरीच एक सिम्युलेटर उभा केला होता. लोखंडी सांगाडा, त्यावर कारची सीट, समोर पडदे, आणि उजेड येऊ नये म्हणून चारी बाजूंनी काळं कापड. आत बसलेल्याच्या कानावर हेडफोन. त्याला पडद्यांखेरीज काही दिसत नाही. माझं टेबल पडद्यांच्या पलीकडे, म्हणजे बसणाऱ्याच्या समोर. हे नीट लक्षात ठेवा, मी समोर बसायचो.

आता पोरं अडतात कुठं, तर वेगाशी. जुन्या विमानात वेगाला गोल तबकडी असायची, घड्याळासारखी. काटा खाली घसरला तर डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळायचं. नव्या पडद्यावर डावीकडे एक उभी पट्टी असते आणि तिच्यावर आकडे सरकतात. आकडा वाचता येतो हो, तो कुणालाही येतो. पण वेग घटतोय की वाढतोय, हळू घटतोय की जोरात, हे उंची सांभाळता सांभाळता, दिशा सांभाळता सांभाळता कळलं पाहिजे. खऱ्या लढाऊ विमानात उतरताना वेग गळत गेला आणि ते लक्षात आलं नाही तर विमान सरळ खाली येतं. पोरांना मी सांगायचो, पट्टी वाचू नका, बघा. त्यांना फरकच कळायचा नाही.

म्हणून मी माझी एक पद्धत काढली होती. एसटीनं ब्रेक मारला की आपण पुढं जातो, गाडी पळाली की मागं रेलतो, अंगाला वेग असा कळतो. पण माझी सीट तर जागची हलत नाही. मग मी तिच्याखाली रबर घातलं, आणि नव्या पोराला बसवलं की सुरुवातीला मागं कापडात उभा राहायचो. पट्टीवर वेग घटला की सीटच्या पाठीला दोन्ही तळवे लावून पुढं ढकलायचो, वाढला की मागं ओढायचो. काही आठवड्यांत डोळ्याला आणि अंगाला जोड बसते. मग एक दिवस न सांगता ढकलणं बंद करायचं, पोहायला शिकवताना पोटाखालचा हात हळूच काढून घेतात ना, तसं. पोरांच्या लक्षातही यायचं नाही.

सना माझ्याकडं आली ती या सीटमुळंच. तिचे वडील रफीकभाई, मूळचे बार्शीटाकळीचे, अकोल्यात त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. सीटला रेक्झिन चढवायला मी गेलो तर हे कशासाठी, ते कशासाठी, असं करता करता म्हणाले, “साब, मेरी लडकी को भी येइच करना है. पढाई में तेज है. आप देखोगे क्या जरा?” पुढच्या रविवारी पोरगी हजर. बडनेऱ्याला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहायला आली ती चाचणीसाठीच. बारीक, तोंडानं फटकळ, आणि मान खाली घालून कामाला भिडणारी. उंची, दिशा, हातातली जॉयस्टिक, सगळं तिनं झरझर उचललं. अडली ती वेगाच्या पट्टीवर. वेग घटायचा आणि ही “वाढला” म्हणून बटण दाबायची. रडायची नाही, चिडायची. “सर, माह्या डोक्यातच नाई बसून राह्यलं हे.”

“बसते. नाई बसलं तर मी बसवतो,” मी म्हणायचो.

तिच्या मागं मी नेहमीपेक्षा जास्त दिवस उभा राहिलो. हळूहळू जमायला लागलं. मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी, कूलर घरघरत होता, मी ठरवलं की आजपासून हात काढायचा. तिला काही बोललो नाही. ती आत बसली, मी समोर टेबलाशी.

पोरीनं एकही चूक केली नाही. सावकाश घटलेला वेगसुद्धा पकडला, जो भल्याभल्यांना कळत नाही. माझ्या तर मनात लाडूच फुटत होते. ती कापड सारून बाहेर आली, हेडफोन काढला आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, “सर, आज लय हळू ढकलून राह्यले होते तुमी. पन समजलं.”

मी म्हटलं, “हं.”

ती गेल्यावर मी स्वतःला समजावलं. अंगाला सवय लागली की नसलेला धक्काही जाणवतो. वैमानिकांना तर ढगात शिरल्यावर विमान वळतंय असं वाटतं आणि विमान सरळ चाललेलं असतं. शरीर फसवतं. म्हणून आमच्याकडं पहिला धडा हाच, की अंग एक सांगेल आणि पडदा दुसरं सांगेल तेव्हा पडद्याचं ऐका. मला अगदी बरं वाटलं. कारण सापडलं, विषय संपला.

दुसऱ्या खेपेला विषय संपला नाही. माझ्या स्क्रीनवर दोन दिवे असतात. वेग बदलला की हिरवा, बसणाऱ्यानं बटण दाबलं की पिवळा. हिरवा आधी, पिवळा मागून, हे तर उघडच आहे. वेग कधी बदलायचा हे मी ठरवत नाही, प्रोग्राम ऐन वेळी फासे टाकल्यासारखं ठरवतो. आणि त्या दिवशी मी बघतोय तर पिवळा दिवा आधी लागला. मग हिरवा. पुन्हा पिवळा, मग हिरवा. वेग घटायच्या आधी ही पोरगी “घटला” सांगत होती. आणि बरोबर सांगत होती.

मी तारा तपासल्या. प्रोग्राम पुन्हा टाकला. स्वतः बसून बघितलं, तर हिरवा आधी, पिवळा मागून, सगळं ठणठणीत. सनाला बसवलं की उलटं. तिला मी काही दाखवलं नाही. पण मला जेवण जाईना. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “कावून जी, तोंड कावून उतरलं तुमचं?” मी तिच्यावरच खेकसलो.

मग मी सीटखालचं रबर काढून टाकलं. बोल्ट असे कसले की सीट आता हत्तीनं ढकलली तरी हलणार नाही. आणि सुनंदाला वर बोलावलं. सना आत बसली होती, सराव सुरू होता, तिच्या कानावर हेडफोन. मी सुनंदाला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि सीटच्या मागचं कापड हळूच वर धरलं. खिडकीतून ऊन येत होतं, स्वच्छ दिसत होतं.

मागं कुणी नव्हतं. सीटची पाठ, तिच्यावर रफीकभाईंनी चढवलेलं करडं रेक्झिन, आत जाड फोम.

आमच्या डोळ्यांदेखत त्या रेक्झिनमध्ये डावीकडं एक खड्डा पडला. तळव्याएवढा. मग उजवीकडं दुसरा. बोटांची टोकंसुद्धा वेगळी रुतलेली दिसली मला. सनाची मान किंचित पुढं गेली, तिनं बटण दाबलं, आणि खड्डे सावकाश भरून आले. थोड्या वेळानं पुन्हा डावा, मग उजवा. खरं सांगतो, मला तिथून पळून जायचं होतं. त्या पोरीला तिथंच सोडून.

सुनंदानं माझं मनगट पकडलं. माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, “अवो... हे तर तुमच्यावानीच ढकलून राह्यलं.”

माझं उजवं मनगट नोकरीत असताना मोडलं होतं. तेव्हापासून मी कुठलीही जड वस्तू ढकलताना डावा तळवा आधी टेकवतो, उजवा मागून, आणि उजवा हलका. मला स्वतःला हे ठाऊकही नव्हतं. पण कपाट सरकवताना, स्कूटर ढकलताना बायकोनं ते इतकी वर्षं पाहिलेलं.

माझं डोकं दुखतंय असं सांगून सनाला घरी पाठवलं. मग मी आत बसलो. सुनंदा नको नको म्हणत होती. मी म्हटलं, बघू तरी, आहे काय ते. पट्टी स्थिर होती, समोर खोटं आभाळ, खोटी जमीन. बराच वेळ काही झालं नाही. मी उठणारच होतो, तेवढ्यात पाठीत आलं... आधी डावीकडं, मग उजवीकडं. जोर नव्हता. शिकवणारा माणूस शिकाऊ पोराला जेवढं ढकलेल तेवढंच. आणि पाठोपाठ पट्टी घटायला लागली.

मी तसाच बसून हात मागं नेला आणि सीटची पाठ मागून चाचपली. रेक्झिन आत गेलेलं होतं. खड्डा होता, खोल. खड्ड्यात काही नव्हतं. मी बोटं त्यात घातली तरी तो भरून येईना. तिथली हवाही गार नव्हती, गरम नव्हती, काहीच नव्हती. कसा बाहेर आलो ते मला नीट आठवत नाही. सुनंदा सांगते की मी तिच्या साडीचा पदर धरून जिना उतरलो.

चाचणी पुढच्या आठवड्यात होती.

आता काय करायचं? सांगावं तर पोरगी घाबरणार, आणि घाबरलेलं माणूस त्या यंत्रावर पहिल्याच फेरीत बाद होतं. आयुष्यात एकदाच मिळणारी संधी माझ्या तोंडानं घालवायची. न सांगावं तर ती ज्याच्या भरवशावर बसलीय ते काय आहे हे तिला न सांगता मी तिला धाडणार. सुनंदा म्हणाली, “सांगा तिले. तिची पाठ हाय ते.” तेच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सनाला खाली ओट्यावर बसवलं, सुनंदानं सरबत दिलं. मी घसा खाकरून सुरुवात केली, की बेटा, त्या दिवशीपासून तुझ्या मागं मी उभा राहत नाहीये.

“मले मालूम हाय, सर,” ती म्हणाली.

“कधीपासून?” मी म्हटलं.

“पह्यल्या दिवसापासून मालूम हाय. तुमी समोर पान्याचा गिलास ठेवला, हेडफोनमधूनबी आवाज आला मले, अन् त्याच टायमाले मांगून धक्का आला. म्हनून तर मी तुमाले तसं म्हनलं. तुमचा चेहरा पाहाचा होता मले.”

“मंग बोलली कावून नाई तू?”

“बोलली असती तं तुमी क्लास बंद केला असता.” ग्लास तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला होता. “भेव वाटते, सर. लय वाटते. खालाच्या घरी भिंतीले पाठ लावून झोपतो मी. पन नापास व्हायचं भेव त्याच्याहून जास्त वाटते.”

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं. इतके दिवस ती पोरगी जाणूनबुजून त्या खुर्चीत बसत होती, आणि मी तिला तारा तपासतोय म्हणून सांगत होतो.

मी तिला एवढंच सांगितलं. “हे पाय, तिथं ते येईल का नाई मले माहीत नाही. पन आलं, अन् पट्टी एक सांगून राह्यली अन् ते दुसरं, तर पट्टीचं ऐकजो. डोळे लावून ठेवजो पट्टीवर.”

“आजपर्यंत तं एकदाही वेगळं नाई सांगतलं त्यानं, सर.”

“तरी.”

उरलेले दिवस मी तिला साध्या लाकडी खुर्चीवर बसवून लॅपटॉपवर सराव दिला, वरच्या खोलीला कुलूप लावून. तिथंही पाठीत यायचं म्हणाली. मी समोर बसलेलो असायचो आणि ती माझ्याकडं न बघता मान हलवायची, म्हणजे आलं. रोज बरोबर. एकदाही चूक नाही. मी माझे दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवायचो, तिला दिसतील असे.

चाचणी परराज्यात होती. रफीकभाई तिला घेऊन गेले. निघताना म्हणाले, “साब, निकल जाएगी ना मेरी बेटी?” मी म्हटलं, निघेल.

त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. निकाल तिथं त्याच दिवशी सांगतात. संध्याकाळी दिवेलागणीला फोन आला. आवाज बसलेला होता तिचा.

“पास झाली, सर.”

मी सुनंदाला खूण केली. पण पोरीच्या आवाजात आनंद नव्हता. मी म्हटलं, काय झालं, बेटा?

“ते आले होते. हात.” मग हळूहळू तिनं सांगितलं. यंत्रात बसली, सुरू झालं, आणि पाठीत डावा, मग उजवा. रोजच्यासारखा. म्हणजे वेग घटला. अंगठा बटणावर गेलासुद्धा होता. पण डोळे पट्टीवर होते, आणि पट्टीवर वेग वाढत होता. “उलटं सांगतलं, सर. पह्यल्यांदाच. मंग सगळेच उलटे. घटला तं ओढे, वाढला तं ढकले. अन् जोरात... तुमी कधी एवढ्या जोरात नाई ढकललं मले. मी पट्टी सोडली नाई. पन पाठ लय दुखून राह्यली, सर.”

फोन ठेवला. इतके दिवस त्या हातांनी खरं सांगितलं. आधीच सांगितलं, तिचा विश्वास बसेपर्यंत सांगितलं. आणि जिथं पुन्हा संधी नाही, नेमकं तिथं खोटं. हे ज्यानं केलं त्याची ढकलायची तऱ्हा माझी होती. मी त्या पोरीचं वाईट कधी मनात आणलं नाही, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगतो. पण हात म्हटलं की आता माझं मलाच कसंतरी होतं.

क्लास मी बंद केला. सीट भंगारात दिली. ओळखीच्या डॉक्टरला विचारलं, त्यानं सवय, ताण, भास असं सगळं सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, फोमला भास होतो का? तो हसला. या प्रकाराला माझ्याकडं आजही काही उत्तर नाही, आणि उत्तर नाही हे लिहिताना माझ्यासारख्या माणसाला काय वाटतं ते तुम्हाला कळणार नाही. रफीकभाईंना आम्ही काहीच सांगितलेलं नाही. ते भेटतात तेव्हा माझे दोन्ही हात हातात घेऊन डोळ्यांना लावतात.

मागच्या महिन्यात सना प्रशिक्षणाला गेली. बडनेरा स्टेशनवर सगळं गणगोत आलं होतं, पेढे वाटणं चाललं होतं, दिवसाढवळ्या, भर गर्दीत. गाडी लागली. तिनं सुनंदाला मिठी मारली, वडिलांपुढं वाकली, त्यांनी तिची पाठ थोपटली. मग माझ्याकडं आली. मीही आशीर्वाद द्यायला हात पुढं केला.

ती थांबली. “येतो, सर,” म्हणाली. डोळे भरले होते तिचे, आणि हसत होती. मग ती तशीच, माझ्याकडं तोंड ठेवून, मागं मागं सरकत डब्याच्या दारापर्यंत गेली. मागं न बघता पायरी चाचपली, दांडी धरली आणि उलटी वर चढली. गाडी हलली तरी ती वळली नाही.

मी हात खिशात घातले.